गेटबाहेरचे शेळके सर

शेळके सरांनी आयुष्यभर आशिया खंड श्रीमंत कसा झाला हे शिकवलं, आणि त्यातली बहुतेक वर्षं एकदाही कारखान्याच्या आत पाऊल टाकलं नाही. यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना कुणी आत घेतलंच नाही.

आमचं कॉलेज चाकण आणि राजगुरुनगरच्या मध्ये. गच्चीवर उभं राहिलं की चारी दिशांना निळ्या पत्र्याच्या शेडच शेड. आकाशातून जाणारे बगळे खाली समुद्र आहे असं समजून उतरतात आणि पत्र्यावरून घसरून पडतात, असं मी एकदा भूगोलाच्या तासाला बोलून गेलो, तर एका पोरानं ते परीक्षेत लिहिलं. मीही मार्क दिले. तर अशा ह्या समुद्राच्या काठावर बसून सर अर्थशास्त्र शिकवायचे. गाव लातूरकडचं, औशाजवळ. अंगानं काटकुळे, आवाज मात्र असा की ते बारावी कॉमर्सला शिकवत असले की शेजारच्या कंपनीतले लोक सायलेन्सर तपासायला बाहेर यायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. उजव्या हाताचं एक बोट वर करायचं आणि म्हणायचं, "मूळ कारण एकच! तोच नवरदेव. बाकी सगळं वऱ्हाड!"

मूळ कारण म्हणजे देश वर येण्याचं. कोरिया कसा वर आला, व्हिएतनाम कसा वर आला, आपलं चाकण कसं वर आलं, ह्या सगळ्याचं कारण एकच असतं आणि ते आपल्याला सापडलंय, अशी सरांची बालंबाल खात्री होती. अडचण एवढीच की हा नवरदेव दर वर्षी बदलायचा. जूनमध्ये कॉलेज उघडलं की स्टाफरूममध्ये आम्ही विचारायचो, "सर, यंदा कोण बोहल्यावर?" आणि सर न लाजता सांगायचे.

बचतीच्या वर्षी त्यांनी कँटीनचा चहा सोडला, म्हणजे स्वतःच्या पैशाचा. विजेच्या वर्षी स्टाफरूमचा पंखा बंद करणाऱ्याकडे ते देशद्रोह्याकडे बघावं तसं बघत; थंडीत आम्ही सगळे मफलर बांधून पंख्याखाली बसायचो. सगळ्यात हाल झाले ते बंदरांच्या वर्षी. जे देश वर आले ते समुद्रामुळे, जहाजांमुळे, असं सर सांगत सुटले आणि खेड तालुक्याला तर समुद्र नाही. पण शेळके सर हटतात होय! ते म्हणाले, "हा नाशिक रस्ता हाच आपला समुद्र, ट्रक हीच आपली जहाजं." आम्ही चऱ्होलीला एकाच सोसायटीत राहायचो आणि माझ्या गाडीतून एकत्र जायचो. चाकणच्या चौकात तासभर अडकलो की मी कपाळ बडवायचो आणि सर खुशीत हात चोळायचे. "बघा की राव, भरती आलीय!"

पण एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. हे सगळं पुस्तकातलं. प्रत्यक्ष कारखान्यात माल बनतो कसा, माणसं कुठं उभी राहतात, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी कंपन्यांकडे अर्ज केले. उत्तर यायचं, इंजिनिअरिंगची मुलं असतील तर बोला, कॉमर्सवाल्यांना आत काय दाखवायचं? एकदाच एका कंपनीनं होकार दिला. सर त्या दिवशी इतके नटले होते की पोरांना वाटलं सहल नसून साखरपुडा आहे. गेटवर गेल्यावर कळलं की सेफ्टी शूज घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. पोरं चपलांवर, सर नव्या कोल्हापुरीवर. सगळे परत. त्याच संध्याकाळी सरांनी भोसरीला जाऊन सेफ्टी शूज घेतले. लोखंडी टोकाचे, हत्तीनं पाय दिला तर हत्ती लंगडेल असे. पण पुन्हा बोलावणं आलंच नाही. ते बूट खोक्यातच राहिले. दर दिवाळीला सर त्यांना पॉलिश करायचे आणि पुन्हा खोक्यात ठेवायचे.

मग सरांनी एक पद्धत पाडली. दर वर्षी डिसेंबरात पोरांना घेऊन एका मोठ्या कंपनीच्या गेटसमोर जायचं आणि रस्त्याच्या ह्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली तास घ्यायचा. आत काय जातंय, बाहेर काय येतंय, त्यावरून आत काय चाललं असेल ते ओळखायचं. बैल न बघता शेणावरून जात ओळखण्यासारखाच हा प्रकार, पण पोरं रंगून जायची. गेटवर मिश्राजी म्हणून एक गार्ड होता, बिहारकडचा, मिशा अशा की त्यांनाच वेगळा पास लागावा. सर दिसले की तो हात जोडायचा.

"सर, आप फिर आ गए?"

"आलो बाबा. यंदा सोडतोस का आत?"

"पास?"

"पास न्हाई."

"तो फिर वहीं से पढ़ाइए. आवाज तो यहाँ तक आता ही है."

मिश्राजीनं गेटवर उभ्या उभ्या इतकी वर्षं सरांचे तास ऐकले की शेवटी शेवटी कंपनीचा मालक गाडीतून उतरला तर तो त्याला रुपया का घसरला ते समजावून सांगायचा. मालकानं त्याची बदली दुसऱ्या प्लांटच्या गेटवर केली, ती त्यामुळेच, असं माझं मत आहे.

मग आलं ते बायकांचं वर्ष.

झालं असं की सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि प्रमुख पाहुण्या आल्याच नाहीत. माइक भाड्यानं आणलेला, तो फुकट जाऊ नये म्हणून कुणीतरी सरांना उभं केलं. सरांचा त्या वर्षीचा नवरदेव तयारच होता. ते म्हणाले, "ज्या ज्या देशात बायका उंबऱ्याबाहेर पडल्या, कारखान्यात गेल्या, चार पैसे हातात घेऊन घरी आल्या, ते ते देश वर आले! मूळ कारण एकच! बाकी सगळं वऱ्हाड!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागं शोभावहिनी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. पण ऐकलं सगळं.

शोभावहिनी कमी बोलायच्या. सरांच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरत नसे. मुलगी लग्न होऊन नगरला गेलेली, घरात दोघंच. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच बसलो होतो.

"भाषणात बोललात ते खरं होतं का नुसतंच भाषण होतं?" वहिनींनी विचारलं.

"अर्थशास्त्र हाय ते! नुसतं कामून असंल?"

"मग मी सोमवारी मुलाखतीला चाललेय. चाकणला हार्नेसची कंपनी आहे. गाडीच्या आतल्या सगळ्या वायरींची वेणी घालायची असते. वयाची अट नाही, डोळे आणि बोटं चांगली पाहिजेत म्हणतात."

सरांच्या हातातला तिळगूळ तोंडापर्यंत पोचायला दोन दिवस लागले असतील. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"आन् माझा डबा?"

"आशियाला विचारा," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी उठायच्या तयारीत होतो, तेवढ्यात सरांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, म्हणजे तुला आतलं सगळं दिसंल की!"

"दिसेल."

"आन् घरच्या माणसाला कधी आत सोडत असतील?"

"आधी मला तर जाऊ द्या."

वहिनींच्या मागोमाग सोसायटीतल्या आणखी बायकांनी मुलाखत दिली. त्यांत आमची हीसुद्धा होती. मला निवड झाल्यावर कळलं. सगळ्यांना घेतलं. पण घोडं अडलं ते बसपाशी. पहिल्या पाळीसाठी पहाटे निघायचं, आणि कंपनीची बस थांबणार मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी. सोसायटीपासून तिथवर सगळा अंधार, एका बाजूला खडीची खाण, दुसऱ्या बाजूला अर्धवट इमारती आणि कुत्री. घराघरातले नवरे एकदम काळजीवाहू झाले. बस दारात आली तर जा, नाहीतर राहू दे, असा ठराव झाला. बायका थेट सरांच्या दारात.

"सर, उंबऱ्याबाहेर पडा म्हणालात, पडलो. आता पुढं?"

शोभावहिनी त्यांच्यातच उभ्या होत्या. सर बसच्या सुपरवायझरला भेटले. तो म्हणाला, "पॉइंटवर गर्दी दिसली पाहिजे, सर. पाच-सात बायकांसाठी बस आत वळवली तर डिझेल कोणाच्या बापाचं? गुरुवारी पहाटे बस घेऊन येतो. गर्दी दिसली तर इथला पॉइंट मंजूर, नाहीतर बस पंपापाशीच थांबेल."

इथं शेळके सरांनी आयुष्यातलं एकमेव कृतीतलं अर्थशास्त्र केलं. ते गावठाणात किसनअण्णांकडे गेले. किसनअण्णा जुने चऱ्होलीकर, भजनी मंडळाचे प्रमुख, वजन क्विंटलात मोजावं असे.

"अण्णा, गुरुवारी पहाटे माणसं पाहिजेत. नुसती उभी राहायला."

"निवडणूक हाय का?"

"न्हाई, विकास हाय."

"मंग आमचं काय जातंय? आमी तसंबी उभंच अस्तो."

गुरुवारी पहाटे सोसायटीच्या कोपऱ्यावर जी गर्दी जमली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. भजनी मंडळ होतं, जिममधली पोरं होती, क्रिकेटची टीम होती, आणि वरात संपवून घरी निघालेला एक बँड होता, तोही ट्रॉम्बोनसकट. सरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक डबा दिला होता. डबे कमी पडले म्हणून किसनअण्णांच्या हातात प्रेशर कुकर होता. बस आली. सुपरवायझर खाली उतरला, त्यानं गर्दी पाहिली आणि त्याचा ऊर भरून आला.

"अरे, एवढे लोक! मग उभे काय राहिलात? चढा, चढा, शिफ्टला उशीर होतोय!"

आता गंमत अशी की गर्दीला फक्त उभं राहायला सांगितलं होतं, चढायचं नाही असं कुणीच सांगितलं नव्हतं. किसनअण्णा सगळ्यात आधी चढले. सर खालून कुजबुजले, "अण्णा, उतरा की!" अण्णा खिडकीतून म्हणाले, "बसायला गादी हाय, गार वारं हाय. कशापाई उतरायचं?" अण्णा बसले म्हणून मंडळ बसलं, मंडळ बसलं म्हणून बँड बसला. आणि मग सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बस कुठं निघालीय? कंपनीत! ते धावत घरात गेले, खोक्यातले सेफ्टी शूज पायात घातले आणि चालत्या बसमध्ये चढले. त्यांच्यामागं मी. कुणीतरी साक्षीदार पाहिजेच ना.

कंपनीच्या गेटशी बस थांबली. बायका पास दाखवून आत जाऊ लागल्या. त्यांच्यामागं किसनअण्णा कुकर घेऊन, त्यांच्यामागं ट्रॉम्बोन. आणि गेटवर मिशांना पीळ देत उभे कोण? मिश्राजी! त्याची बदली झालेला तो दुसरा प्लांट हाच.

"सर, आप फिर आ गए?"

"इस बार बस से," सर म्हणाले आणि अभिमानानं पाय पुढं केला. "जूते भी लाया हूँ."

मिश्राजीनं बूट वाकून पाहिले, मनापासून कौतुक केलं आणि विचारलं, "पास?"

वहिनी तेवढ्यात फिरत्या दांड्याच्या पलीकडे पोचल्या होत्या. त्या वळल्या. मला वाटलं काहीतरी हृदयाला हात घालणारं बोलतील.

"पोहे झाकून ठेवलेत," त्या म्हणाल्या. "गरम करून खा." आणि आत गेल्या.

आम्ही सगळं वऱ्हाड रस्त्यावर. सुपरवायझर डोकं धरून बसला, पण पॉइंट मंजूर झाल्याचं त्यानं वर आधीच कळवलं होतं, आता मागं कसं घेणार? शिवाय जिममधली चार पोरं लेबर कॉन्ट्रॅक्टरनं तिथल्या तिथं उचलली, त्यामुळं बस काही फुकट वळली नाही. ट्रॉम्बोनवाल्याला हॉर्न तपासायच्या खात्यात घेतला असंही मी बऱ्याच जणांना सांगितलंय. ते खरं नाही, पण व्हायला हवं होतं.

त्यानंतरचे महिने सरांच्या डब्याचे. पहिली पोळी त्यांनी श्रीलंकेसारखी केली. दुसरी जपानसारखी, म्हणजे सगळी बेटं बेटं. पुढं सुधारले. स्टाफरूममध्ये डबा उघडला की आम्ही भूगोलवाले आधी देश ओळखायचो आणि मग खायचो. सर चिडायचे नाहीत. त्यांचं लक्ष दसऱ्याकडे लागलं होतं. वहिनींनी सांगितलं होतं, खांडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात.

खांडेनवमीला मिश्राजीनं पास विचारला नाही. सरांच्या गळ्यात त्यानं स्वतःच्या हातानं पट्टी अडकवली. तिच्यावर लिहिलं होतं, नातेवाईक. मलाही एक मिळाली, आमच्या हिच्या पुण्याईवर. सरांनी बुटांना इतकं पॉलिश केलं होतं की त्यात मिश्राजीच्या मिशा दिसत होत्या.

आतली जमीन हिरवीगार, गुळगुळीत, आमच्या घरातल्या ताटांपेक्षा स्वच्छ. यंत्रांना झेंडूच्या माळा, टेबलांवर हळदीकुंकू, आणि जमिनीवर पिवळे पट्टे, की ह्याच्या बाहेर पाय टाकायचा नाही. सगळीकडून एकच हाक, "हे शोभाताईंचे मिस्टर का? या, या!" सरांना उभ्या जन्मात कुणी मिस्टर म्हटलं नव्हतं. ते दबकत, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून, देवळात चालावं तसे चालत होते. प्रश्नांची त्यांनी महिनाभर तयारी केली होती. मशीन कुठल्या देशाचं, माल कुठं जातो, कारागीर कसे शिकतात, सगळं. माझा अंदाज, निदान संध्याकाळपर्यंत आम्ही सुटत नाही.

वहिनींनी त्यांची जागा दाखवली. तिरका उभा केलेला एक मोठा फळा, त्यावर खुंट्या, आणि खुंट्यांमधून वळणं घेत गेलेल्या रंगीत वायरी. निळ्या एप्रनमधल्या वहिनी फळ्यासमोर उभ्या होत्या. कॉलेजात आम्ही उभे राहतो तशाच. सर बघत राहिले. फळ्याकडे कमी आणि जमिनीकडे जास्त.

"खुर्ची कुठाय तुझी?"

"खुर्ची नसते."

"मग?"

"मग काय. उभ्यानं."

"सगळी पाळी?"

"जेवायला बसतो की. तुम्ही वायरी बघा ना, ही लाल कुठून कुठं जाते..."

"पाय दुखत न्हाईत?"

"दुखतात," वहिनी म्हणाल्या. अगदी साधेपणानं, भाजी महागली म्हणावं तशा. "सगळ्यांचेच दुखतात. सवय होते. पगार झाल्यावर कमी दुखतात." शेजारच्या फळ्यावरून आमची ही हसली. मला तोवर तिचे पाय दुखतात हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात प्लांटचा मॅनेजर आला. तरुण, हसरा, प्रसादाचे पेढे वाटत होता. "तुम्ही इकॉनॉमिक्सचे सर ना? शोभाताई नेहमी सांगतात. मग आज ऐकवाच सर, आपले हे देश पुढं जातात ते नेमके कशामुळं?"

भोवती बायका जमल्या, त्यांचे नवरे जमले. मी जरा मागं सरकलो, कारण सरांच्या आवाजानं एखादं यंत्र चालू झालं असतं. सरांचा उजवा हात सवयीनं वर गेला, बोट उघडलं. मग ते बोट तसंच हवेत राहिलं आणि हळूच मिटलं.

"ह्यांना बसायला कामून देत न्हाई?" सर म्हणाले. आवाज इतका हळू की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"काम उभ्यानंच करायचं आहे सर. डिझाइनच तसं आहे. सगळ्याच कंपन्यांत असंच असतं."

सरांनी मान डोलावली, पेढा घेतला आणि पिवळ्या पट्ट्याच्या आतून बाहेर आले. ज्यांनी गेटाबाहेर अर्धं आयुष्य घालवलं, ते आत जेमतेम अर्धा तास होते. आम्ही गाडीतून परत निघालो. चाकणच्या चौकात तुंबलो, तरी भरती आली म्हणाले नाहीत. चऱ्होली आल्यावर फक्त म्हणाले, "मी तिला कधी विचारलंच न्हाई हो. रोज संध्याकाळी मीच दमलो म्हणून सांगायचो."

पुढच्या जूनमध्ये स्टाफरूममध्ये आम्ही नवरदेवाची चौकशी केली, तर सर म्हणाले, "शोधायलोय." आणि पुढं दोन वर्षांनी ते रिटायर झाले ते शोधत असतानाच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आम्ही चऱ्होली सोडून निगडीला मुलाकडे राहायला गेलो, त्याच्या आदल्या सकाळी. पहाटे हिला बसपर्यंत सोडायला गेलो होतो. तिचा कंपनीतला तो शेवटचा दिवस होता. कोपऱ्यावर दिव्याखाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग मांडलेली होती आणि त्यांवर बायका ऐसपैस बसल्या होत्या. सोसायटीच्या हॉलमधल्या त्या खुर्च्या सर रोज पहाटे स्कूटरवर लादून आणायचे आणि बस गेली की परत नेऊन ठेवायचे. कंपनीच्या आत त्यांचं काही चालत नव्हतं. इथं चालत होतं.

"सर, उद्या आम्ही चाललो," मी म्हणालो. "जाता जाता सांगून टाका, शेवटी मूळ कारण काय निघालं?"

"दम धरा. आधी ह्यांना बसू द्या."

बस आली. बायका उठल्या. सर खुर्च्या एकात एक घालून स्कूटरवर रचू लागले. शोभावहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"डाळ भिजत घातलीय! कुकर लावा!"

"किती शिट्ट्या?" सर ओरडले, आणि जन्माची सवय, एक बोट वर केलं. "एकच ना?"

वहिनींनी जोरजोरात मान हलवली आणि तीन बोटं दाखवली. बस वळली. शेळके सर खुर्च्यांचा मनोरा एका हातानं सावरत, दुसऱ्या हाताची तीन बोटं वर धरून, बस दिसेनाशी होईपर्यंत तसेच उभे होते.